उजैरच्या पेशी

उजैर तांबोळी सात वर्षांचा असताना शाळेच्या जिन्यात पडला आणि त्याला उठता येईना. बाई म्हणाल्या, नाटकं करतोय. पुढं तो वारंवार पडायला लागला, तेव्हा आईवडिलांनी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून आजाराचं नाव सांगितलं, डुशेन. ह्यात अंगातले स्नायू विरत जातात. आधी पायांचे, मग हातांचे, शेवटी छातीचे. औषध नाही.

"मुलग्यांनाच होतो," पुढच्या पेशंटचा कागद ओढत डॉक्टर म्हणाले, "आणि दोष बहुतेक वेळा आईकडून येतो."

नूरबानूनं ते ऐकलं. तिची नणंद सोबत होती, तिनंही ऐकलं. रिक्षात बसता बसता नणंद म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, भाभी." त्यानंतर ती ह्या विषयावर कधी बोलली नाही. गरजही नव्हती. ते एक वाक्य नूरबानूला जन्मभर पुरणार होतं.

उजैरची बहीण खुशनुमा तेव्हा दहावीत होती. आनुवंशिकतेचा धडा शाळेत नुकताच झाला होता, त्यामुळे डॉक्टरांच्या बोलण्याचा पुरता अर्थ घरात तिला एकटीलाच कळला. आईच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर बिघाड होता. तो उजैरच्या वाट्याला आला होता. आपल्याही वाट्याला आलाय की नाही, हा छापाकाट्याचा प्रश्न होता. पुढं कॉलेजात गेल्यावर तिनं स्वतःची तपासणी करून घेतली. तिच्यात बिघाड नव्हता. नूरबानूनं दोन रकात नमाज जास्त पढली. उजैर म्हणाला, "वा. लाडकी."

वडील मेहबूब ह्यांचं अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात पुस्तकं बांधायचं दुकान होतं. विद्यापीठातली मुलं त्यांच्याकडं पीएचडीचे प्रबंध बांधायला आणत. सोनेरी अक्षरं दाबून झाली की मेहबूब एकेक प्रबंध उघडून बघायचे, एक ओळ वाचायचे आणि मिटायचे. मुलगी शास्त्रज्ञ होणार म्हणाली तेव्हा त्यांना एवढंच कळलं की तिचंही असं एक जाडजूड पुस्तक होईल.

खुशनुमाच्या डोक्यात पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या होत्या. पण प्रवेश मिळाला बायोइन्फर्मेटिक्सला, आणि तिथं काचेची नळी नव्हती, संगणक होता. एका पेशीत कोणतं जनुक चालू आहे आणि कोणतं बंद, ह्याचे हजारो आकडे निघतात. अशा हजारो पेशींचे आकडे एकत्र केले की जो डोंगर होतो, त्यातून अर्थ काढायचा. तिला ते जमलं. इतकं जमलं की दोन वर्षांत वर्गातली मुलं स्वतःचं काम अडलं की तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहायला लागली. गल्लीत नूरबानू सांगायची, "माझी पोरगी औषध बनवते." खुशनुमानं सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं.

पीएचडीसाठी तिनं डॉ. सरोजिनी मेहेंदळे ह्यांची प्रयोगशाळा निवडली, कारण शहरात स्नायूंच्या आजारावर मूलपेशींचं काम तिथंच चालायचं. मुलाखतीत मॅडमनी तिचे गुण पाहिले नाहीत.

"डुशेनबद्दल फारच वाचलंयस. घरी कुणाला आहे?"

"भावाला."

"वय?"

"पंधरा."

"रक्त देईल?"

उजैरनं रक्त दिलं. तोवर तो चाकाच्या खुर्चीत बसायला लागून बरीच वर्षं झाली होती. घर भवानी पेठेत तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. त्याला खाली न्यायचं तर मेहबूब त्याला पाठीवर घेत. रक्तातल्या पेशींना उलट्या दिशेनं फिरवून पुन्हा गर्भातल्यासारख्या कोवळ्या करतात, त्या मूलपेशी. त्यांना हवं ते वळण लावता येतं. उजैरच्या पेशींना स्नायूंचं वळण लावायचं, त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करायचं आणि बघायचं काय होतं, असा तो प्रयोग होता. पेशी वाढवायचं काम श्रीनिवास नावाचा मुलगा करायचा. त्या पेशी आतून काय करताहेत ते खुशनुमा वाचायची. डब्यांवर उजैरचं नाव नव्हतं, फक्त 'पी-सात' असं होतं.

ती घरी आली की उजैर विचारायचा, "माझ्या पेशी कशा आहेत, आपा?"

"मजेत."

"बरंय. घरातलं कुणीतरी मजेत आहे."

तो लॅपटॉपवर लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापून जोडून द्यायचा. हात उचलत नसे, पण उजव्या हाताची दोन बोटं चालत होती आणि तेवढ्यावर त्याचं काम बरं चाललं होतं. फोटोग्राफर त्याला मानायचे, कारण तो रडणाऱ्या बापाचा चेहरा नेमका पकडायचा.

चौथ्या वर्षी दुरुस्त केलेल्या पेशींचा एक बारीक स्नायू बशीत तयार झाला. विजेचा हलका झटका दिला की तो आक्रसायचा आणि सैल पडायचा. खुशनुमानं त्याचा व्हिडिओ घरी आणला. आणावा की नाही, ह्यावर तिनं आठवडाभर विचार केला होता.

उजैरनं तो पाहिला. "पुन्हा लाव." पुन्हा पाहिला. "ह्या माझ्याच ना?"

"तुझ्याच."

"मग मला परत का देत नाही?"

तिनं समजावलं. बशीतला स्नायू नखाएवढा असतो. अंगभर, काळजात, बरगड्यांखाली तो कसा पोचवायचा हे जगात कुणालाच अजून येत नाही.

"कधी येईल?"

"माहीत नाही."

"मी असताना?"

खुशनुमानं व्हिडिओ बंद केला. उजैरनं तिच्याकडं बघितलं आणि दोन बोटं पुन्हा माऊसवर ठेवली. "बरं, सरक जरा. इथं नवरदेव घोड्यावर चढतोय."

पुढच्या वर्षी खुशनुमाला आकड्यांमध्ये एक गोष्ट सापडली. स्नायू झालेल्या पेशींच्या गर्दीत काही पेशी स्नायू न होता कच्च्याच राहत होत्या. थोड्याच, पण दर वेळी. अशा कच्च्या पेशी शरीरात गेल्या तर तिथं गाठ धरू शकतात. तिनं तो निकाल तीनदा तपासला आणि मॅडमसमोर ठेवला. ह्या प्रयोगावर निघणाऱ्या पेपरात हे ठळकपणे यायला हवं, असंही म्हणाली. मॅडम "बघू" म्हणाल्या. काही आठवड्यांनी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"ह्या पेपरवरून तुझं नाव काढतेय."

"का, मॅडम?"

"पेशी तुझ्या भावाच्या, विश्लेषण तुझं. उद्या कुणी विचारलं की बाई, निष्पक्षपणा कुठाय, तर काय सांगू?"

"हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवशी पेपर नव्हता." मॅडम चष्मा पुसत होत्या. "प्रबंधात घाल ना तो भाग. पदवीला तुझा तो दुसरा छोटा पेपर पुरेल."

"आणि कच्च्या पेशींचं?"

"पुरवणीत दिलंय. ज्याला गरज आहे तो वाचेल."

"पुरवणी कुणी वाचत नाही."

"मग तुला कशाला काळजी." त्यांनी चष्मा घातला. "शेवटी आभार मानलेत बघ, 'रक्तदाता आणि त्याचे कुटुंबीय'. त्यात तू आलीसच."

बाहेर श्रीनिवास उभा होता. पेपरवर पहिलं नाव त्याचं जाणार होतं. तो म्हणाला, "मी बोलणार होतो गं." ती म्हणाली, "पण बोलला नाहीस," आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. संध्याकाळी तिनं त्या पेपरातल्या चार आकृत्या नीट करून मॅडमना पाठवल्या, कारण त्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या.

पेपर छापून आला तेव्हा वर्तमानपत्रात बातमी आली. 'स्नायूंच्या असाध्य आजारावर पुण्यात आशेचा किरण.' खाली मॅडम आणि श्रीनिवास ह्यांचा फोटो. नूरबानूनं ती बातमी बोट ठेवून वाचली, मग उलटी खालून वर वाचली.

"तुझं नाव कुठंय?"

खुशनुमानं कारण सांगितलं. ते तिला स्वतःलाच धड पटलेलं नव्हतं, तर आईला काय पटणार. नूरबानूनं एवढाच अर्थ काढला की पाच वर्षं मुलगी तिथं बसली आणि ऐन वेळी तिला बाहेर काढलं.

महिन्याभरानं कुणा नातेवाइकानं नूरबानूला बाणेरकडच्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथं स्टेम सेलचं, म्हणजे मूलपेशींचं, इंजेक्शन देऊन मुलं बरी करतात, असं तो म्हणाला. नूरबानू एकटीच जाऊन आली. क्लिनिकच्या भिंतीवर तीच बातमी चौकटीत लावलेली होती. रोहन नावाच्या गोड बोलणाऱ्या तरुणानं तिला चहा दिला आणि सांगितलं, हेच संशोधन, फक्त आम्ही थांबत नाही, पेशंटपर्यंत पोचवतो.

"हे ते नाहीये, अम्मी," खुशनुमा म्हणाली. "आमच्याकडं सगळं बशीत झालंय. हे लोक कमरेच्या हाडातला रस काढतात आणि पाठीच्या कण्यात टोचतात. त्यानं स्नायू येत नाही. आणि त्यासाठी भूल देतात. उजैरच्या छातीला भूल झेपायची नाही."

"तुझ्या मॅडमनी शोध लावला ना?"

"लावला, पण..."

"तुझं नाव आहे त्यात?"

"नाही."

"मग तुला काय कळतं?"

नूरबानू हे रागानं बोलली नाही. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. खुशनुमाकडं उत्तर होतं, पण त्याला दोन तास आणि एक फळा लागला असता.

आठवड्याभरानं खुशनुमा एका प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेली. ती परत आली तेव्हा उजैर उताणा पडलेला होता आणि त्याच्या कमरेला पट्टी होती. मेहबूब खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांनीच त्याला पाठीवरून खाली नेलं होतं. त्यांना काही पटलं नव्हतं, पण बायकोला नाही म्हणायचं बळ त्यांच्यात कधीच नव्हतं.

नूरबानू मशिदीतून दुआ फुंकून दम केलेलं पाणी आणायला गेली, तेव्हा खुशनुमा भावाजवळ बसली. "मी सगळं सांगितलं होतं तुला. तरी हो म्हणालास?"

"सगळं कळलं होतं मला." त्याला खोकला आला, पण खोकायला जोर नव्हता. घशात नुसतं घरघरलं. "अम्मी म्हणाली, माझ्यामुळं झालंय, मला दुरुस्त करू दे. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं, आपा. काय सांगायचं?" थोडं थांबून तो म्हणाला, "काही झालं तर ह्यानं झालं असं तिला म्हणू नकोस." खुशनुमानं तसा शब्द दिला.

काही दिवसांनी त्याच्या छातीत कफ भरला. सरकारी इस्पितळात त्याला कृत्रिम श्वासावर ठेवलं आणि दुसऱ्या आठवड्यात तो गेला. वीस वर्षांचा होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी खुशनुमाला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "ह्या मुलाला भूल द्यायलाच नको होती. त्यातून छाती सावरली नाही."

"हे लिहून द्याल?"

"अहो, आजारच असा आहे. लिहून काय देणार?"

नूरबानूनं क्लिनिकला फोन केला होता. ते म्हणाले, तुम्ही उशिरा आणलंत.

दफन झाल्यावर चौथ्या दिवशी मेहेंदळे मॅडमचा फोन आला. "वाईट झालं. हुशार होता, तू सांगायचीस." मग म्हणाल्या, "पेशी आम्हाला पुढंही लागतील. आता वडिलांची सही हवी. बघ, घाई नाही. सोमवारपर्यंत चालेल."

खुशनुमानं वडिलांना सांगितलं की तुम्ही नाही म्हणालात तर त्यांना पेशी नष्ट कराव्या लागतील. तिला वाटत होतं, ते नाही म्हणतील. मेहबूबनी विचारलं, "त्या अजून जिवंत आहेत?"

"हो."

"वाढतात?"

"हो."

त्यांनी सही केली.

खुशनुमानं प्रबंध पुरा केला. कच्च्या पेशींचं त्यात एक अख्खं प्रकरण घातलं. मेहबूबनी तो गडद हिरव्या कापडात बांधला, उघडला, एक ओळ वाचली आणि कपाटात ठेवला. प्रयोगशाळा सोडताना मॅडम म्हणाल्या, "तुझे सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवर ठेवून जा. आणि श्रीनिवासला जरा शिकव, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तिनं दोन आठवडे बसून शिकवलं. नंतर कोथरूडमधल्या एका जनुक तपासणीच्या कंपनीत ती लागली. कुणाच्या रक्तात कोणता बिघाड आहे ते वाचून रिपोर्ट तयार करायचे. ह्या कामात चूक होऊन चालत नाही आणि तिची होत नसे. पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, पोस्टडॉकसाठी, तिनं कुठंही अर्ज केला नाही. त्याला गाइडचं पत्र लागतं, आणि मॅडमकडं ते मागायला जायची तिची इच्छा नव्हती.

घरात मात्र गोष्ट वेगळी ठरली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला नूरबानू सांगायची, "इंजेक्शन बरोबर होतं. आम्हीच उशीर केला. हिनं अडवलं, शिकलेली ना." खुशनुमा समोर बसलेली असायची. नणंद मान हलवायची. खुशनुमानं ते मुकाट्यानं घेतलं. हे ओझं आईच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेता येत असेल तर येऊ दे, असं तिला वाटायचं. शिवाय उजैरला शब्द दिला होता.

असं दीड वर्ष गेलं. मग एका रविवारी दुपारी कोंढव्याहून उम्मेहानी नावाची बाई आली. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला, कामरानला, तोच आजार निघाला होता, आणि कुणीतरी तिला नूरबानूचं नाव सांगितलं होतं. कामरान दाराशी बसून मोबाईलवर खेळत होता. नूरबानूनं तिला चहा दिला, तिचा हात हातात घेतला आणि क्लिनिकचा नंबर दिला.

"आमच्यासारखा उशीर करू नकोस, बेटा. उद्याच जा. माझ्या उजैरला वेळेवर मिळालं असतं तर आज तो इथं बसला असता."

खुशनुमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती कामरानकडं बघत होती.

"नका जाऊ तिथं," ती म्हणाली.

"तू गप्प बस," नूरबानू म्हणाली.

"त्यांच्याकडं काही नाहीये, ताई. मी ह्याच विषयात शिकले. माझ्या भावाला त्यांनी भूल दिली, त्यानं त्याची छाती गेली. तो आजारानं नाही गेला. निदान तेव्हा जाणार नव्हता. त्या इंजेक्शनपायी गेला."

नूरबानू उठली. तिनं उम्मेहानीच्या हातातला अर्धा चहा घेतला, आत नेला आणि मोरीत ओतला. उम्मेहानी मुलाला उचलून निघून गेली.

ती गेल्यावर नूरबानू मोरीपाशीच उभी राहून म्हणाली, "म्हणजे आजार मी दिला आणि मारलाही मीच."

त्या क्षणी खुशनुमानं 'नाही' म्हणायला हवं होतं. आयुष्यभर तिनं आकडे जसे आहेत तसे वाचले होते. ती एवढंच म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, अम्मी."

"तू सांगितलं होतंस," नूरबानू म्हणाली.

त्यानंतर आई तिच्याशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, ताट सरकवायची, पण शब्द नाही. मेहबूब दोघींमधला निरोप्या झाले. "अम्मी म्हणतेय, दूध आण." "खुशनुमा म्हणतेय, गॅस संपलाय." खुशनुमा कोथरूडला खोली बघून आली, आणि गेली मात्र नाही. आईला एकटं सोडलं तर ती काय करील ह्याचा तिला भरवसा नव्हता.

उम्मेहानी क्लिनिकमध्ये गेलीच. नंबर तर तिच्याकडं होताच, आणि नाही म्हणणाऱ्या माणसाकडं तिला द्यायला दुसरं काही नव्हतं. कामरान लहान होता, त्याची छाती धड होती. भूल त्यानं पचवली. दोन दिवस ताप आला आणि उतरला. शिवाय डॉक्टरांनी त्याला नियमानं द्यायच्या साध्या गोळ्या त्याच सुमारास सुरू केल्या होत्या, त्यांनी पायांत थोडं बळ आलं. ते बळ कशाचं, हे कोण बघतो.

ईदनंतर उम्मेहानी मिठाईचा डबा घेऊन आली. कामरान शेवटचे दोन जिने कठडा धरून स्वतः चढला होता. नूरबानूनं त्याला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की खुशनुमानं नजर दुसरीकडं वळवली.

"हिला सांग," नूरबानू उम्मेहानीला म्हणाली. "कसा चालतो ते हिला सांग."

उम्मेहानीनं सांगितलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती आनंदात होती. बोलताना तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते, आणि खुशनुमाला दिसलं की तिला दिवस गेलेत.

"कितवा महिना?"

"तिसरा लागलाय."

खुशनुमा तिच्यासमोर बसली. कामरानचा बिघाड तुमच्याकडून आलाय का, हे रक्तातून कळतं, आणि बाळाचीही ह्या आजारासाठी तपासणी होते, असं तिनं अगदी सावकाश, एकेक शब्द मोजून सांगितलं. वेळ फार नाही, पण अजून आहे. मी स्वतः घेऊन जाईन. पैशाचं मी बघते.

उम्मेहानीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती हसली, मोठ्या बहिणीसारखी.

"आता कशाला, ताई? झाला तर झाला तो आजार. इलाज आहे ना आता."

"इलाज नाहीये."

"हा काय समोर चढून आला."

खुशनुमानं वडिलांकडं पाहिलं. मेहबूब डब्यावरची दोरी सोडवत होते, त्यांनी मान वर केली नाही. तिनं पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तेव्हा नूरबानू म्हणाली, "पुरे." इतक्या महिन्यांत मुलीशी बोललेला तो तिचा पहिला शब्द होता.

मग नूरबानूनं कामरानला जवळ ओढून मांडीवर घेतलं आणि त्याला बर्फी भरवायला लागली. पोरगा वयाच्या मानानं जड होता, तिचे गुडघे दुखत असणार. ती तशीच बसून राहिली आणि त्याचं तोंड पदरानं पुसत राहिली.